मागावरचा जुना प्रोग्रॅम न मोडता कर्नल ड्रायव्हरमध्ये नवीन सोय कशी घातली

जुना प्रोग्रॅम आहे, त्याचा सोर्स कोड कुणाकडेच नाही, ज्या पीसीवर तो चालतो तो पीसी शेवटच्या घटका मोजतोय आणि नेमकं त्याच वेळी मालकांना ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कर्नलच्या (सिस्टीमच्या गाभ्याच्या) आत राहून हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये, नवीन सोय पण पाहिजे. अशा कात्रीत कुणी सापडलं असेल तर हे वाचा. मी जुलै 2024 ते मार्च 2025 या काळात यातून गेलो, आणि सुरुवातीला कुठून धरायचं तेच कळत नव्हतं, म्हणून जसं घडलं तसं लिहून काढतोय.

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एक टॉवेलचा कारखाना आहे, नाव सांगत नाही. तिथं 2008 पासून प्रत्येक मागावर सेन्सर आहे, तो पीक मोजतो, म्हणजे आडवा धागा किती वेळा टाकला गेला ते. सगळ्या मागांच्या वायरी ऑफिसातल्या पीसीमध्ये एका पीसीआय कार्डाला येतात, कार्डाचा लिनक्स ड्रायव्हर आणि त्यावर एक प्रोग्रॅम जो पाळी संपली की रिपोर्ट छापतो. या रिपोर्टवर कामगारांची मजुरी निघते. म्हणून हा प्रोग्रॅम बदलायला कुणी तयार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. तिथले जॉबर (माग सांभाळणारे) अण्णा मला पहिल्याच दिवशी म्हणाले, "रिपोर्टचं नुसतं रूप बदललं तरी मजुरीवर शंका येती बघा, एवढ्या वर्षात त्या कागदावर विश्वास बसलाय पोरांचा." ज्यानं तो प्रोग्रॅम लिहिला तो माणूस कधीच परदेशी गेला, त्याच्याकडेपण सोर्स नाही. ड्रायव्हरचा सोर्स मात्र दिवाणजी काकांच्या कपाटात सीडीवर निघाला, जीपीएलचा (सोर्स सोबत द्यायला लावणाऱ्या लायसन्सचा) ड्रायव्हर असल्यामुळं तेव्हा सोबत दिला होता. ती सीडी वाचली गेली हे नशीब. तुमच्याकडे अशी सीडी असेल तर आजच कॉपी करा.

मालकांची मागणी अशी की पीसी नवीन घ्या, रिपोर्ट जसाच्या तसा आला पाहिजे, आणि वर माग का थांबला हे पण कळलं पाहिजे, ताणा तुटला का बाणा संपला का लाईट गेली. कार्डावर त्याची सिग्नल लाइन पहिल्यापासून होती, ड्रायव्हर ती वाचतच नव्हता.

पहिलं काम म्हणजे जुन्या डिस्कची पूर्ण इमेज. आयडीई डिस्क होती, त्याला यूएसबी कन्व्हर्टर 600 रुपयांना नवी पेठेत मिळाला. डीडीरेस्क्यूनं इमेज काढली, दोन ठिकाणी ठेवली आणि प्रोग्रॅमच्या फाइलचा चेकसम (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल जराही बदलली की तो बदलतो) कागदावर लिहून मालकांची सही घेतली. हे आवर्जून करा, कारण पुढं कुणी म्हणालं "तुम्ही प्रोग्रॅममध्ये काहीतरी केलं" तर दाखवायला हेच असतं. फाइल कमांडनं सांगितलं की प्रोग्रॅम 32 बिट, इंटेल 80386 चा. जुनी सिस्टीम सेंटओएस 5, कर्नल 2.6.18, तिचे अपडेट मार्च 2017 मध्येच बंद झालेत.

पीसीआय स्लॉट असलेला नवा पीसी सहजासहजी मिळत नाही, इंडस्ट्रियल बोर्डच घ्यावा लागतो. मालकांच्या नियमाप्रमाणे तीन कोटेशन, मग पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर), मग निम्मा अ‍ॅडव्हान्स. 52,000 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 61,360 पडले आणि पुण्याहून माल यायला ऑगस्ट उजाडला. ऑर्डर देताना स्लॉट साधा पीसीआय आहे का पीसीआय एक्सप्रेस हे फोनवर विचारू नका, फोटो मागवा.

वाट बघण्याचा तो वेळ मी जुन्या मशीनवर घालवला आणि तोच सगळ्यात कामी आला. एसट्रेस लावून प्रोग्रॅम कर्नलकडं नक्की काय काय मागतो ते दोन पाळ्या रेकॉर्ड केलं. असा प्रोग्रॅम डिव्हाइसची फाइल उघडतो आणि आयऑक्टल नावाच्या सिस्टीम कॉलनं एक नंबर देऊन काम सांगतो, सोबत एका स्ट्रक्चरचा, म्हणजे ठरलेल्या मांडणीतल्या आकड्यांच्या गठ्ठ्याचा, मेमरीतला पत्ता देतो. याचे फक्त दोनच आयऑक्टल होते, एक सेटअपचा आणि एक मागाची नोंद वाचायचा. नवीन नोंद नसली की ड्रायव्हर ईअगेन एरर द्यायचा, प्रोग्रॅम जरा झोपायचा आणि परत विचारायचा. दुसरा कुठलाही एरर आला तर काय करतो ते लॉगमध्ये दिसलंच नाही, कारण तसा एरर जुन्या ड्रायव्हरनं कधी दिलाच नव्हता. हे मी वहीत लाल पेनानं लिहून ठेवलं.

सप्टेंबरमध्ये ड्रायव्हर नव्या मशीनवर आणायला घेतला, डेबियन 12, कर्नल 6.1. इथं नवख्या माणसाला एक गोष्ट बुचकळ्यात टाकते, मलापण टाकलं होतं. लिनक्सचा नियम आहे की यूजरचे प्रोग्रॅम मोडायचे नाहीत, मग 2.6.18 चा ड्रायव्हर कंपाइल का होत नाही? कारण तो नियम बाहेरच्या दाराचा आहे, घराच्या आत कर्नलवाले हवं तेव्हा भिंती पाडतात. ड्रायव्हर आत राहतो म्हणून तो मोडतो, प्रोग्रॅम बाहेर राहतो म्हणून तो चालला पाहिजे. माझ्या ड्रायव्हरमध्ये आयऑक्टलसाठी जे जुनं फील्ड होतं ते 2.6.36 मध्येच काढून टाकलंय, कारण ते कर्नलच्या एका मोठ्या सामाईक लॉकवर (एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपावर) अवलंबून होतं. आता अनलॉक्ड आयऑक्टल वापरायचा आणि लॉक आपला आपण लावायचा. टायमर सुरू करायची पद्धत 4.15 मध्ये बदललीय. असं एकेक करत गेलो, रात्री जेवण झाल्यावर बसायचो, दिवसा माझं रिपेअरिंगचं दुकान असतं. डीकेएमएस लावलं म्हणजे कर्नल अपडेट झाला की ड्रायव्हर आपोआप परत बिल्ड होतो, आणि सिक्युअर बूट (सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर ड्रायव्हरवर सही करायची डिजिटल किल्ली मशीनमध्ये एनरोल करावी लागते, त्यासाठी रीबूटच्या वेळी समोर माणूस लागतो, लांबून होत नाही.

मग जुना प्रोग्रॅम चालवून बघितला. 64 बिट कर्नलमध्ये आयए32 एम्युलेशन चालू असलं की 32 बिट प्रोग्रॅम चालतात, डेबियनमध्ये ते चालूच होतं, फक्त आय386 आर्किटेक्चर अ‍ॅड करून 32 बिट लायब्ररी टाकाव्या लागल्या. तरी प्रोग्रॅम उठताक्षणी बंद, मेसेज असा की कर्नल व्हर्जन चुकीचं. त्या लिहिणाऱ्यानं व्हर्जन 2.6 नं सुरू होतं का एवढंच तपासलेलं! मी आता प्रोग्रॅमची बायनरी, म्हणजे तयार फाइलच, पॅच करायची का या विचारात होतो, आणि तेव्हा कळलं की कर्नलवाल्यांनी याचीपण सोय करून ठेवलीय. 2011 मध्ये 2.6.39 नंतर एकदम 3.0 आलं तेव्हा जगभरातले असे कितीतरी प्रोग्रॅम अडले असते, म्हणून 3.1 मध्ये एक पर्सनॅलिटी फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) आला. सेटआर्क कमांडला युनेम-2.6 हा ऑप्शन देऊन प्रोग्रॅम चालवला की कर्नल त्या एकट्या प्रोग्रॅमला आपलं व्हर्जन 2.6 चं म्हणून सांगतो. माझ्या 6.1 ला तो 2.6.61 म्हणाला आणि प्रोग्रॅम गप पुढं गेला. मला खरंच भरून आलं त्या रात्री. कुठल्या कोपऱ्यातल्या कुणाच्या प्रोग्रॅमसाठी कुणीतरी एवढा विचार करून ठेवलाय.

पुढचा अडथळा मात्र माझ्याच अंगणातला होता. नोंद वाचायचा आयऑक्टल ईनॉटटीवाय देत होता, म्हणजे या डिव्हाइसला हा आयऑक्टल माहीतच नाही. कारण समजून घ्या, इथंच बहुतेक जण अडकतात. जुन्या स्ट्रक्चरमध्ये तीन गोष्टी होत्या, 32 बिटचा माग नंबर, 64 बिटचा पीक काउंट आणि लाँग टाइपमध्ये वेळ. इंटेलच्या 32 बिट जगात 64 बिटचा आकडा मेमरीत 4 च्या पटीतल्या जागेवर बसला तरी चालतो आणि लाँग 4 बाइटचा, म्हणून एकूण 4 अधिक 8 अधिक 4, म्हणजे 16 बाइट. 64 बिट कर्नलमध्ये तेच स्ट्रक्चर, पण 64 बिटचा आकडा 8 च्या पटीत पाहिजे म्हणून मध्ये 4 बाइटची पोकळी पडते, आणि लाँग 8 बाइटचा, एकूण 24. आणि आयऑक्टलच्या नंबरमध्येच स्ट्रक्चरची साईज गुंफलेली असते, त्यामुळं प्रोग्रॅम 16 वाला नंबर पाठवतो, ड्रायव्हर 24 वाला ओळखतो, दोघांची भेटच होत नाही.

यावर उपाय कंपॅट आयऑक्टल नावाचं वेगळं दार. 32 बिट प्रोग्रॅमकडून आलेली मागणी कर्नल त्या दारानं पाठवतो आणि ते दार बांधलेलंच नसेल तर ईनॉटटीवाय मिळतो. तिथं मी जुन्या मापाचं स्ट्रक्चर कंपॅट टाइप वापरून लिहिलं, कंपॅट यू64 हा टाइप एक्स86 वर 4 च्या पटीतच बसतो, त्यामुळं बरोबर 16 बाइट येतात. पाहोल नावाचं टूल आहे, ते स्ट्रक्चरमधल्या पोकळ्या दाखवतं, ते चालवूनच खात्री करा. आणि एक सांगतो, ही टेस्ट रास्पबेरी पायवर करून समाधान मानू नका. एआरएमवर 32 बिटमध्येपण 64 बिटचा आकडा 8 च्याच पटीत बसतो आणि शेवटच्या पॅडिंगमुळं (जागा भरायच्या रिकाम्या बाइटमुळं) या स्ट्रक्चरची साईज दोन्हीकडं 24 च येते, सगळं छान चालल्यासारखं वाटतं आणि इंटेलवर पडतं.

ऑक्टोबरमध्ये रिपोर्ट यायला लागला. आता नवीन सोय. सेटअपच्या स्ट्रक्चरमध्ये मोड आणि रिझर्व्ह्ड अशी दोन फील्ड होती, आणि कुणालाही वाटेल की रिझर्व्ह्ड ठेवलंय ते अशाच वेळेसाठी, त्यात एक बिट लावला की थांबण्याची कारणं चालू. पण आधी जुना प्रोग्रॅम त्या जागी काय पाठवतो ते बघणं भाग होतं. एसट्रेसला अनोळखी स्ट्रक्चरच्या आतलं दिसत नाही, म्हणून ड्रायव्हरमध्येच हेक्स डंपची, म्हणजे आलेले बाइट जसेच्या तसे छापणारी, डीबग ओळ टाकली. दर वेळी वेगळाच आकडा! प्रोग्रॅमनं ते फील्ड शून्य केलेलंच नव्हतं, स्टॅकवरचा (मेमरीत आधीचा उरलेला) कचरा तसाच येत होता, आणि जुन्या ड्रायव्हरनं कधी तपासलं नाही म्हणून 2008 पासून ते खपून गेलं. त्या बिटाला अर्थ दिला असता तर एखाद्या दिवशी आपोआप कारणं चालू झाली असती आणि मजुरीच्या रिपोर्टात काय आलं असतं कोण जाणे. म्हणजे ती जागा कायमची गेली, मी हेडरमध्ये तशी कॉमेंटच टाकलीय की याला कधीच हात लावू नका.

लिनक्सच्या ओपन (फाइल उघडायच्या) कॉलचं हेच झालेलं आहे. अनोळखी फ्लॅग आला तर तो नाकारायचा हे सुरुवातीपासून नव्हतं, दुर्लक्ष व्हायचं, त्यामुळं पुढं नवीन फ्लॅग घालणं अवघड होऊन बसलं. शेवटी 2020 मध्ये 5.6 कर्नलमध्ये ओपनअ‍ॅट2 हा नवीन कॉल आला, जो अनोळखी फ्लॅगला ईइनव्हॅल (मागणी चुकीची आहे) हा एरर देतो आणि स्ट्रक्चरची साईजपण विचारतो. 2019 चा क्लोन3 (नवीन प्रोसेस बनवायचा कॉल), 5.3 मधला, तोही याच घाटणीचा, तिथं तर फ्लॅगचे बिटच संपले होते. जुना कॉल दोन्ही वेळी तसाच ठेवला, त्याला धक्का नाही.

मी तोच रस्ता धरला. जुने दोन्ही आयऑक्टल जसेच्या तसे, आणि एक तिसरा नवीन. त्याच्या स्ट्रक्चरमध्ये फ्लॅग 4, माग नंबर 4, पीक 8, वेळ 8, कारण 4 आणि शेवटी स्वतः लिहिलेलं पॅडिंग 4, एकूण 32 बाइट, 32 बिटमध्ये आणि 64 बिटमध्ये मांडणी एकच, लाँग नाही, पॉइंटर नाही, आपोआप पडणारी पोकळी नाही. पोकळी राहिली तर कर्नलच्या मेमरीतलं काहीबाही त्यातून बाहेर जाऊ शकतं हेपण आहे. पॅडिंग शून्य नसेल किंवा फ्लॅग अनोळखी असेल तर ईइनव्हॅल. वेळ 64 बिटमध्ये, कारण 32 बिटची वेळ 19 जानेवारी 2038 ला आपल्या सकाळी 8 वाजून 44 मिनिटं 7 सेकंदाला संपते. जुना प्रोग्रॅम तिथपर्यंतच जाईल, त्याला इलाज नाही, मालकांना हे मी लेखी दिलंय.

पुढं स्ट्रक्चर वाढेल याची सोयपण आत्ताच करायची. आयऑक्टल पूर्ण नंबरावर न जुळवता त्यातला फक्त क्रमांक जुळवायचा, साईज वेगळी काढायची आणि कॉपी स्ट्रक्ट फ्रॉम यूजर या फंक्शनला द्यायची. प्रोग्रॅमचं स्ट्रक्चर लहान असेल तर उरलेलं शून्य धरतं, मोठं असेल तर जास्तीचे बाइट शून्य आहेत का बघतं, नसतील तर ई2बिग (फार मोठं आहे) एरर. उत्तर परत देताना दोघांतली लहान साईज तेवढंच कॉपी करायचं. कर्नलच्या सोर्समध्ये डॉक्युमेंटेशनच्या ड्रायव्हर-एपीआय फोल्डरमध्ये आयऑक्टलवर एक फाइल आहे, ती दोनदा वाचा, शांतपणे.

दिवाळीत, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला, कारखाना बंद होता तेव्हा मालकांनी चावी दिली. गेटपास, सिक्युरिटीच्या रजिस्टरात लॅपटॉपचा सीरियल नंबर, परत जाताना परत तेच. टेस्ट प्रोग्रॅम जीसीसी कंपायलरला एम32 देऊन आणि न देता असे 32 आणि 64 बिट दोन्ही बनवले आणि दोन्हीकडून उत्तर सारखं येतं का बघितलं. मग लाल पेनातली नोंद. सेन्सरचा 24 व्होल्ट सप्लाय मुद्दाम काढला, जसं लाईट गेल्यावर होतं तसं. नीट विचार केला तर कार्ड मेलंय तेव्हा ईआयओ (हार्डवेअर वाचता येत नाही) देणं बरोबर, पण जुना प्रोग्रॅम ईआयओ आला की सरळ बंद पडतो, पाळीचा हिशोब अर्धवट टाकून. म्हणून जुन्या आयऑक्टलला पूर्वीसारखा ईअगेन आणि ईआयओ फक्त नवीन आयऑक्टलला. एरर कोड हापण कराराचाच भाग आहे. डिसेंबर 2012 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स एका मेंटेनरवर (कर्नलचा एक भाग सांभाळणाऱ्यावर) जाहीरपणे चिडले होते ते यावरूनच, मीडियाच्या कोडमध्ये आयऑक्टलचा एरर कोड बदलला आणि आवाजाचे प्रोग्रॅम बिघडले, आणि दोष प्रोग्रॅमवर ढकलला गेला. त्यांचं म्हणणं होतं की चालणारा प्रोग्रॅम मोडला तर ती चूक कर्नलचीच.

नोव्हेंबरच्या मध्यापासून दोन्ही पीसी शेजारी शेजारी. स्पेअर कार्ड कपाटात होतं, इलेक्ट्रिशियननं सेन्सरच्या वायरी दोन्हीकडं वाटून दिल्या, 2,800 रुपये. रोज दोन्ही रिपोर्ट दिवाणजी काका टिकमार्क करून जुळवायचे आणि जॉबर अण्णा दोन कामगारांना बोलवून दाखवायचे. पहिल्या आठवड्यात पाळीच्या शेवटच्या आकड्यात थोडा फरक यायचा, ते जुन्या पीसीचं घड्याळ मागं पडल्यामुळं, घड्याळ लावलं की फरक गेला. खरं सांगतो, त्या आठवड्यात मला झोप नव्हती, कारण आकडा कमी आला तर कुणाच्या तरी घरातले पैसे कमी होतात.

डिसेंबर संपता संपता मालकांनी अंडरटेकिंग मागितलं, 500 चा स्टॅम्प आणि नोटरीचे 200. त्यात मी जुन्या प्रोग्रॅमचा चेकसम, ड्रायव्हरचा सोर्स त्यांना दिल्याची नोंद आणि जुने दोन आयऑक्टल बदलणार नाही असं कलम घातलं. हे कलम स्वतःहून घाला, उद्या तुमच्या जागी दुसरा कुणी आला तरी त्याला बांधून ठेवतं. जानेवारी 2025 मध्ये सिद्धेश्वर यात्रेच्या सुट्टीत जुना पीसी काढला. बंद करून कपाटात ठेवलाय, फेकला नाही, वर्षभर फेकू नका असं मीच सांगितलं.

थांबण्याची कारणं आता वेगळ्या छोट्या प्रोग्रॅमवर दिसतात, जॉबर अण्णांच्या टेबलावर. मार्चमध्ये ते म्हणाले, "कारण कळालं, पण किती वेळ थांबला ते बी दाखव की." स्ट्रक्चरच्या शेवटी 8 बाइटचं एक फील्ड वाढवलं, 32 चे 40 झाले. नवीन ड्रायव्हर टाकला तेव्हा टेबलावरचा प्रोग्रॅम अजून 32 वालाच होता, तो तसाच चालत राहिला, पुढच्या आठवड्यात सवडीनं 40 वाला टाकला. मजुरीच्या रिपोर्टाला या सगळ्यात कुणी हात लावला नाही, आणि फाइलचा चेकसम त्या कागदावरच्या चेकसमशी जुळवून मी परत एकदा सही घेतली.